दाखल-खारीज रजिस्टर आणि नातवाचा लॅपटॉप

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग धान कापणी, मग पाहुणे. पण आजचा विषय दिवाळीपासून डोक्यात घोळतोय आणि तो लिहून काढल्याशिवाय सुटणार नाही.

विषय कॉम्प्युटरचा आहे. घाबरू नका, मला त्यातलं फार कळत नाही. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेला, मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर. पण गेली दिवाळी आणि त्यानंतरचे कित्येक शनिवार-रविवार नातवाच्या शेजारी बसून एक 'ॲप्लिकेशन' उभं राहताना पाहिलं, त्याच्याशी भांडलो, आणि माझं एक मत तयार झालं. ते इथे मांडतो.

सुरुवात झाली पुरापासून. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस वैनगंगेला आलेला पूर भंडाऱ्यातल्या कुणीच विसरलेलं नसेल. वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी, खाली गोसीखुर्दची ३३ ही दारं उघडलेली, आणि मधे आपण. ज्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकलो आणि नोकरीची शेवटची अकरा वर्षं शिकवलं, त्या शाळेच्या ऑफिसात मांडीइतकं पाणी होतं. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुनी दाखल-खारीज रजिस्टरं. पाणी ओसरल्यावर ती उन्हात वाळवली, पण पानं एकमेकांना चिकटली ती चिकटली. शाई पसरली. काही पानांवर आता नुसता निळा डाग आहे.

पश्चिमेकडच्या वाचकांसाठी सांगतो, दाखल-खारीज म्हणजे तुमचं जनरल रजिस्टर. मूल शाळेत आलं की 'दाखल', गेलं की 'खारीज'. अनुक्रमांक, नाव, बापाचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरी, शेवटी शेरा. शाळा सोडल्याचा दाखला याच्यावरूनच निघतो.

मी नोकरीत होतो तोवर या रजिस्टरची खरी किंमत मलाही फारशी कळली नव्हती. निवृत्तीनंतर कळली. घरी लोक यायचे, अजून येतात. "गुरुजी, आमच्या आज्याचं नाव तुमच्या शाळेत सापडल का जी?" आजोबाचं नाव कशाला? तर नातवाच्या जात पडताळणीला. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा कागद असेल तर त्याला वजन. आता १९५० च्या आधीचा कागद गरिबाच्या घरी कुठून असणार? एक तर कोतवाल पंजी, नाही तर शाळेचं रजिस्टर. त्या एका ओळीवर एखाद्या पोरीचा मेडिकलचा प्रवेश अडलेला असतो. आणि ती ओळ निळा डाग झालेली असते.

तर दिवाळीत नातू आला. नागपूरला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी आधीच मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलं होतं, त्यांनी परवानगी दिली आणि आम्ही मोबाइलवर पानापानाचे फोटो काढले. पुढे काय? शाळेतले एक जण म्हणाले, एक्सेलमध्ये टाका, झालं. मी एक्सेलला नाही म्हणालो, कारण एका शाळेत (नाव सांगत नाही) काय झालं ते मला माहीत होतं. कुणीतरी नावांचा रकाना अकारविल्हे लावला, बाकीचे रकाने होते तिथेच राहिले. मग प्रत्येक पोराला दुसऱ्याचीच जन्मतारीख मिळाली. हे लक्षात यायला दोन महिने लागले. कागदी रजिस्टरमध्ये असं करायचं ठरवलं तरी करता येत नाही.

नातू म्हणाला, "आबाजी, मग नीट वेब ॲप्लिकेशनच बनवू. मागे डेटाबेस, पुढे फॉर्म." मला वाटलं आता हा महिनाभर काहीतरी टाइप करत बसणार. तसं नसतं म्हणे. हल्ली यासाठी 'फ्रेमवर्क' असतं. मी त्याचा अर्थ माझ्यापुरता असा लावला: सुताराकडे तयार चौकटी असतात, दार तेवढं तुम्ही ठरवायचं. प्रत्येक ॲप्लिकेशनला लॉगिन लागतं, फॉर्म लागतो, यादी लागते, शोध लागतो, कुणाला काय दिसावं याचे नियम लागतात. हे दर वेळी नव्याने कशाला करायचं? म्हणून कुणीतरी ते एकदाच करून ठेवलेलं असतं. त्यातलं 'जँगो' नावाचं एक अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलं आणि २००५ साली सगळ्यांना खुलं केलं गेलं. नाव ठेवलं जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. बातमीदारांच्या घाईतून असं काही निघावं याची मला गंमत वाटली.

पण नातवाने निवडलं ते 'फ्रॅपे'. हे आपल्या मुंबईतलं. ऋषभ मेहता नावाच्या गृहस्थांनी घरच्या फर्निचरच्या धंद्याचा हिशेब सांभाळता सांभाळता हे काम सुरू केलं, २००८ मध्ये कंपनी काढली, आणि 'ईआरपीनेक्स्ट' नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि त्याच्या खालचं हे फ्रेमवर्क दोन्ही फुकट, उघड्या पोथीसारखं ठेवलं. कुणीही वाचावं, वापरावं, बदलावं. आपल्याकडे विद्या उघडी ठेवण्याची सवय कमीच, म्हणून मुद्दाम सांगितलं.

ते बसवायला मात्र दोन दिवस गेले. पायथन हवं, नोड हवं, रेडिस हवं, मारियाडीबी हवं. एकाची आवृत्ती दुसऱ्याला पटेना. लग्नात वरपक्षाचे मामा रुसावेत तसं एकेक रुसत होतं. मारियाडीबी हे नाव ज्याने केलं त्याच्या धाकट्या मुलीचं, मारियाचं. मोठीचं नाव मी, तिच्यावरून मायएसक्यूएल. हे ऐकल्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, "बरं आहे, निदान एका बापाने तरी मुलींची नावं लावली." मग 'बेंच न्यू-साइट', 'बेंच न्यू-ॲप' असे दोन हुकूम दिले, 'बेंच स्टार्ट' म्हटलं, आणि ब्राउझरमध्ये पाटी उघडली.

त्यानंतर जे झालं ते खरंच पाहण्यासारखं होतं. फ्रॅपेमध्ये प्रत्येक गोष्ट म्हणजे 'डॉकटाइप'. तुम्ही फक्त रकाने सांगायचे: हे नाव, ही तारीख, ही यादीतून निवड. आतली नावं इंग्रजी अक्षरांत, बाहेरची पाटी मराठीत. 'सेव्ह' म्हटलं की डेटाबेसात तक्ता तयार, भरायचा फॉर्म तयार, यादी तयार, शोध तयार. वीस मिनिटांत दाखल-खारीज रजिस्टर पडद्यावर! नातू माझ्याकडे असं पाहत होता की आता मी टाळ्या वाजवणार.

मी पण खूश होतो, खोटं कशाला सांगू. वीस मिनिटांत रजिस्टर तयार झालं याचा अर्थ वीस मिनिटांत कुणीतरी सगळं ठरवून टाकलं, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

नातवाने 'जात' हा रकाना 'लिंक' प्रकारचा केला होता. म्हणजे जातींची एक वेगळी यादी, आणि प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद त्या यादीतल्या एका नावाला दोरीने बांधलेली. अभ्यासक्रमात हेच शिकवतात: एक गोष्ट एकाच जागी लिहा. १९७० साली आयबीएममधल्या कॉड या गणितज्ञाने ही तक्त्यांची कल्पना मांडली, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. आम्ही दोनेकशे नोंदी भरल्या. यादीत 'कोष्टी', 'हलबी', 'हलबा', 'हलबा कोष्टी', 'कोस्टी' अशी नावं जमली. आमच्याकडे विणकरांची वस्ती जुनी, हे व्हायचंच. नातवाला ती यादी अस्ताव्यस्त वाटली. त्याने 'हलबी' वर जाऊन नाव बदललं, 'हलबा' केलं, आणि 'असलेल्या नोंदीत मिसळा' या चौकटीत खूण केली.

एका क्षणात सगळ्या दोऱ्या हलल्या. 'हलबी' लिहिलेली सगळी पोरं 'हलबा' झाली. कुणी बदललं, केव्हा बदललं, हे त्या त्या विद्यार्थ्याच्या नोंदीवर कुठेही दिसेना, कारण नोंद कुणी उघडलीच नव्हती. बदल यादीत झाला होता.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याला विचारलं, "तू काय केलंस हे तुला कळतंय का?" तो म्हणाला, "स्पेलिंग दुरुस्त केलं, आबाजी."

स्पेलिंग! अरे बाबा, या विदर्भात एका शब्दासाठी माणसं मेली आहेत. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधानसभेवर गोवारींचा मोर्चा गेला. अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' असं लिहिलेलं, आणि यांच्या कागदोपत्री 'गोवारी'. त्या चेंगराचेंगरीत ११४ जणांचा जीव गेला, त्यात बायाबापड्या आणि पोरंही. पुढे २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. हलबा-कोष्टींचं प्रकरणही २००० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि तिथे सांगितलं गेलं की यादीतला शब्द जसा आहे तसाच वाचायचा. धनगर आणि धनगड यांच्यातल्या 'र' आणि 'ड' चा वाद तर पेपरात सगळ्यांनीच वाचला आहे. यात कोण बरोबर, कोण चूक, ते सांगण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. पण १९४८ साली एका गुरुजींनी टाकाने जे अक्षर लिहिलं, ते २०२५ मध्ये एका पोराने नीटनेटकेपणाच्या हौसेने बदलावं? तेही पाचशे मैलांवर बसलेल्या न्यायाधीशाला दिसणारही नाही अशा रीतीने?

नातू गप्प झाला. समजूतदार आहे. आदल्या रात्रीचा बॅकअप होता, तो परत चढवला. त्या दिवशी भरलेल्या नोंदी फोटो बघून पुन्हा भरल्या.

मग आमचा खरा वाद झाला, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. मी म्हटलं, प्रत्येक नाजूक गोष्टीसाठी दोन चौकटी ठेव. पहिली 'मूळ नोंद', जशी रजिस्टरात आहे तशी, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसकट. दुसरी 'शोधासाठी', तिथे तुझी यादी लाव. तो म्हणाला, हे चुकीचं डिझाइन आहे, एकच माहिती दोनदा साठवणं म्हणजे गोंधळाला आमंत्रण. मी म्हटलं, एकच माहिती नाहीच ही. गुरुजींनी काय लिहिलं ही एक गोष्ट, आणि आपण त्याचा काय अर्थ लावला ही दुसरी. पहिली कधीच बदलणार नाही, दुसरी आपलं मत बदललं की बदलेल. त्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "मग हे नॉर्मलायझेशनच्या विरुद्ध नाही." मला तो शब्द नीट कळला नाही, पण जिंकलो एवढं कळलं :)

एकदा हे सूत्र सापडल्यावर बाकीच्या अडचणी सुटत गेल्या. जन्मतारखेचंच बघा. कॉम्प्युटरला तारीख म्हणजे तारीखच हवी, दिवस-महिना-वर्ष. आणि १९४० च्या दशकातल्या नोंदीत 'वय अंदाजे ७ वर्षे' असंही लिहिलेलं आहे. 'अंदाजे' हा शब्द तारखेच्या चौकटीत कुठे बसवणार? मूळ नोंदीत तो आहे तसा, तारखेची चौकट कोरी.

जिल्ह्याची तर मोठीच मजा. नातवाने जिल्ह्याला राज्य बांधलं होतं, तालुक्याला जिल्हा. भंडारा म्हटलं की महाराष्ट्र आपोआप यायचं. मी त्याला सांगितलं, अरे माझा जन्म १९५१ चा. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. गाव सोडून कुठेही न जाता तीन राज्यं फिरलो! जुन्या रजिस्टरवर शिक्का जनपद सभेचा आहे, कारण जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या. तहसिली तीनच, भंडारा, गोंदिया आणि साकोली. आज एकट्या भंडारा जिल्ह्यात सात तालुके आहेत. आणि १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला. गोंदियाच्या पन्नाशीतल्या माणसाच्या दाखल्यावर 'जि. भंडारा' असतं आणि आधार कार्डावर 'जि. गोंदिया', दोन्ही बरोबर. पण पडद्यावरची यादी त्यातलं एक चूक ठरवते, आणि तो बिचारा खिडकीपुढे उभा राहून सांगत बसतो की मी तोच.

फ्रॅपेमधली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. तिथे नोंद आधी मसुदा असते. मग 'सबमिट' केली की तिला कुलूप लागतं, कुणालाही खोडता येत नाही. चूक सापडली तर ती नोंद 'रद्द' करायची आणि तिच्यावरून 'दुरुस्त' नोंद काढायची; जुनी तशीच राहते, नवीला जुन्याच क्रमांकापुढे एक-दोन असा आकडा लागतो. हिशेबाच्या वह्यांसाठी केलेली सोय आहे ही. पण आमच्या हेडमास्तरांनी आम्हाला काय शिकवलं होतं? रजिस्टरात खोडरबर नाही, ब्लेड नाही. लाल शाईने एक रेघ, वर नवीन शब्द, बाजूला सही आणि तारीख, आणि खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. मुंबईच्या त्या पोरांना हे कुणी सांगितलं असेल? बहुधा त्यांच्या मुनीमजींनी. नोंद भरणं शिक्षकाचं, सबमिट करणं मुख्याध्यापकाचं, अशी विभागणीही करता आली.

एक सूचना टायपिंगची. 'कुऱ्हाडे' सारख्या आडनावातला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरच्या पोटात वेगळे असतात. एकाने शोधलं तर दुसरा सापडत नाही. ज्यांनी आमच्यासारखं बरहावर मराठी लिहायला सुरुवात केली त्यांना ही दुखणी ठाऊक आहेत. नातवाने सेव्ह करताना दोन्ही एकसारखे करणारा चार ओळींचा तुकडा लिहिला, अर्थात फक्त शोधाच्या चौकटीसाठी.

आता माझं मत, ज्यासाठी हे सगळं चऱ्हाट लावलं. २०१५ साली 'सरल' आली तेव्हापासून शाळांची माहिती ऑनलाइन भरली जातेच आहे, सातबारा संगणकावर आला, आणि हे चांगलंच आहे. तलाठ्याच्या मागे फिरलेला माणूस याला वाईट म्हणणार नाही. पण नवीन काही उभं करताना पहिल्या दिवशी कोण जवळ बसलेलं असतं? रकाने तिथेच ठरतात. फ्रेमवर्कने ते काम इतकं सोपं केलंय की विचार करायला सवडच मिळत नाही; चौकट तयार असते, तिच्यात बसेल तेवढंच खरं धरलं जातं. पूर्वी महिनाभर लागायचा तेव्हा निदान कुणीतरी येऊन म्हणायचं, "साहेब, आमच्याकडे असं नसते." माझं म्हणणं एवढंच, की 'न्यू-ॲप' म्हणण्याआधी आठ दिवस त्या रजिस्टरजवळ बसा आणि ज्याने ते भरलंय त्याला शेजारी बसवा. तो निवृत्त झाला असेल तर घरी जाऊन आणा. आमच्यासारखे बरेच जण रिकामेच आहेत.

काही गोष्टींवर माझं आणि नातवाचं अजून जमलेलं नाही. त्याला हे इंटरनेटवर टाकायचंय, म्हणजे लोकांना घरबसल्या शोधता येईल. मी नाही म्हणतो. जात आणि जन्मतारीख चव्हाट्यावर मांडायच्या गोष्टी नाहीत, आणि २०२३ चा माहिती संरक्षणाचा कायदाही आता आहे. सध्या ते शाळेच्या एकाच कॉम्प्युटरवर चालतं. दुसरं, फ्रेमवर्कची एक-दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते. नातू नोकरीला बंगलोरला गेला की ती कोण चढवणार? यावर त्याच्याकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. म्हणून आम्ही प्रत्येक नोंदीला पान क्रमांक, अनुक्रमांक आणि पानाचा फोटो जोडलाय, आणि दर हजार नोंदींची छापील प्रत काढून बांधून ठेवायचं ठरवलंय. पुरावा तर शेवटी मूळ रजिस्टरच. नातू हसतो, कॉम्प्युटरचं पुन्हा रजिस्टर करता म्हणून. हसू दे.

मागच्या आठवड्यात १९५७ चं रजिस्टर उघडलं. त्यात माझीच नोंद सापडली. जन्मतारीख १ जुलै १९५१. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची १ जुलैच, कारण शाळा त्या दिवशी उघडायची आणि गुरुजींना सहा वर्षं मोजायला सोपं जायचं. आई सांगायची, तू पोळ्याच्या पाडव्याला झालास. त्या एक जुलैवर मी नोकरीला लागलो, निवृत्त झालो, पेन्शन घेतो आहे. नातवाने मूळ नोंद भरली आणि दुसऱ्या चौकटीवर बोट थांबवून विचारलं, "इथे काय टाकू, आबाजी?"

मी म्हटलं, राहू दे. चहा झाल्यावर बघू. त्या रजिस्टरची शिवण सुटत आलीय, पुढची पानं उलटण्याआधी ती बांधून घ्यावी लागेल. भंडाऱ्यात जुन्या पोथ्या शिवणारे एक गृहस्थ होते, ते आता काम घेतात की नाही, कुणाला माहीत असेल तर कळवा.